भर दुपारचे छायाचित्र

मनुष्य उतारवयात एखादा छंद धरतो तेव्हा त्याच्या घरच्यांनी थोडे सावध असावे, असे आम्हांला आता अनुभवाने वाटू लागले आहे. तरुणाचा छंद फार तर त्याच्या खिशाला जाचतो. सेवानिवृत्ताचा छंद साऱ्या गोतावळ्याला जाचतो. कारण त्याच्यापाशी वेळ भरपूर असतो, आणि आपल्याला आता काही नवे शिकावयाचे उरलेले नाही अशी त्याची समजूतही पक्की झालेली असते. २०१३ सालच्या दिवाळीत आमच्या चिरंजीवांनी परदेशाहून येताना एक डिजिटल कॅमेरा आणून आमच्या हाती ठेवला, तेव्हा आमची स्थिती नेमकी अशी होती.

कॅमेऱ्याबरोबर एक वेगळे भिंगही आले होते. त्याच्या कडेवर १.८ असा आकडा कोरलेला होता. हा आकडा पाहून शेजारच्या एका जाणत्या गृहस्थांनी आमचे अभिनंदन केले, तेव्हा तो मोठ्या मानाचा आकडा असावा एवढे आम्ही ताडले. पुढे पुस्तिका वाचून त्याचा अर्थ उलगडला. भिंगाच्या पोटात पातळ पात्यांचे एक छिद्र असते. ते लहानमोठे करता येते. भिंगाच्या केंद्रांतराला त्या छिद्राच्या व्यासाने भागले की जो भागाकार येतो तो हा आकडा. आमचे भिंग ५० मिलिमीटरचे. म्हणजे १.८ या आकड्याला छिद्र सुमारे २८ मिलिमीटर रुंद, आणि १६ या आकड्याला ते जेमतेम तीन मिलिमीटर. आकडा वाढला की छिद्र घटते, ही उलटी रीत प्रथम प्रत्येकाला गोंधळात टाकते. परंतु आकडा हा भाजक आहे एवढे ध्यानात घेतले की गोंधळ संपतो. छिद्र मोठे ठेवले म्हणजे ज्याच्यावर नजर धरली तो चेहरा तेवढा रेखीव येतो आणि मागचे सारे धुक्यात गेल्यासारखे पुसट होते. या पुसटपणाचे आम्हांला वेड लागले. चारसहा महिने आम्ही पुण्यातल्या गच्चीवर संध्याकाळच्या मंद उजेडात तुळशीची मंजिरी, वाळत घातलेली सांडगी, मांजर, आणि क्वचित तयार झाल्या तर आमच्या सौभाग्यवती, यांची छायाचित्रे १.८ वर काढीत राहिलो. ती बरी येत. आल्यागेल्याला आम्ही ती दाखवीत असू, आणि सोबत छिद्रावर लहानसे व्याख्यानही देत असू.

अशा तयारीने आम्ही २०१४ च्या मे महिन्यात अक्काकडे गेलो.

अक्का ही आमची वडील बहीण. तिचे सासर दापोली तालुक्यात, समुद्रकाठच्या एका गावात. जांभ्या दगडाचे चौथरे, चुन्याने सारवलेल्या पांढऱ्या भिंती, पुढे ओटी, ओटीवर झोपाळा आणि त्यापुढे शेणाने सारवलेले खळे, असे ते घर. अक्काचे लग्न १९५६ साली झाले तेव्हा आम्ही आठ वर्षांचे होतो. त्या लग्नात एक फोटो निघाला होता. छायाचित्रकाराने तिपाईवर भली मोठी पेटी मांडली, डोक्यावर काळे कापड घेतले आणि वऱ्हाडाला भर उन्हात उभे करून 'हलू नका' म्हणून दरडावले. आम्ही हललो. म्हणून त्या फोटोत आम्हांला दोन नाके आहेत. परंतु आमच्या नाकांचे दुःख नव्हते; दुःख हे की नवऱ्यामुलीच्या कपाळावर ओढलेल्या पदराची सावली तिच्या निम्म्या चेहऱ्यावर पडली होती, आणि नवरा मुलगा मुंडावळ्यांच्या आड कोठे होता ते सांगावे लागे. पुढच्या अठ्ठावन्न वर्षांत त्या दोघांचा जोडीचा असा दुसरा फोटो निघालाच नाही. एक तर अप्पांना, म्हणजे आमच्या मेहुण्यांना, फोटोचा कंटाळा. आणि अक्काचा असा समज की चेहरा बरा असतो त्या वयात फोटोला वेळ नसतो, आणि वेळ मिळतो त्या वयात चेहरा राहत नाही.

त्या वर्षी मात्र अक्कानेच विषय काढला. "तुझं ते यंत्र आणलंयस ना? मग आमचा दोघांचा एक धड फोटो काढ. उद्या भिंतीवर लावायची वेळ आली तर मुलांना शोधाशोध नको." कोकणातली जुनी माणसे असल्या गोष्टी पावसाआधी कौले चाळण्याच्या सुरात बोलतात, त्यात खेद नसतो. आम्ही हो म्हटले.

आदल्या रात्री गावच्या देवळात कीर्तन होते. देवळात उजेड बेताचा. तेथे कीर्तनकारबुवांचे फोटो निघावेत म्हणून आम्ही आयएसओ १६०० वर नेला. आयएसओ म्हणजे कॅमेरा आलेला प्रकाश किती पट वाढवून मोजणार त्याचे प्रमाण. १०० पेक्षा १६०० हे सोळापट. बुवा छान आले. आम्ही समाधानाने कॅमेरा पिशवीत ठेवला आणि झोपी गेलो. तो आकडा पूर्ववत करावयाचा राहिला.

दुसऱ्या दिवशी जेवणापूर्वी, बाराच्या सुमारास, अक्का ठेवणीतले फिकट रंगाचे लुगडे नेसून खळ्यात आली. पाठोपाठ अप्पा आले. पांढरे धोतर, पांढरा सदरा, आणि बगलेत मिटलेली काळी छत्री. ती छत्री त्यांनी ठेवून यावी असे आम्ही सुचवले, पण ती त्यांच्या देहाचाच एक अवयव झालेली होती. पावसाळा तोंडावर आल्यामुळे खळ्यावरचा मांडव दोनच दिवसांपूर्वी उतरवला होता. ऊन थेट खाली येत होते. मेच्या दुसऱ्या आठवड्यात त्या अक्षांशावर सूर्य मध्यान्ही अगदी डोक्यावर येतो. उभ्या माणसाची सावली त्याच्या पायांशीच गोळा होते. पाठीमागे चुन्याची पांढरी भिंत, वर मेचा सूर्य, आणि आमच्या डोक्यात पुसट पार्श्वभूमीचा हट्ट! आम्ही छिद्र १.८ वर ठेवले. आमचा कॅमेऱ्याशी नेहमीचा करार असा होता की छिद्र आम्ही ठरवावे आणि शटरची वेळ त्याने ठरवावी. भिंगातून पाहिले तो शटरचा आकडा लुकलुकत होता. आम्ही लुकलुकण्याकडे दुर्लक्ष केले. यंत्राने मालकाला काही सांगू पाहावे, आणि मालकाने ते ऐकू नये, हा प्रकार जगात नवा नाही.

एक गोष्ट येथे लिहिणे भाग आहे. अक्काचा नातू त्या वेळी आपला मोबाइल उंचावून आमच्या शेजारी उभा राहिला आणि म्हणाला, "मामाआजोबा, मी पण एक काढू?" त्याची सावली मध्ये येते अशी सबब सांगून आम्ही त्याला ओटीवर पिटाळले.

आम्ही चार फोटो काढले. मागच्या पडद्यावर पाहू गेलो, पण त्या उन्हात पडदा आरशासारखा चमके. त्यात आमचीच टोपी दिसे. आता संध्याकाळी पाहू, असे म्हणून सगळे पानावर बसलो. दुपारी झोप, मग समुद्रावर फेरी, मग अप्पा नेमाप्रमाणे देवळात गेले. दिवेलागणीनंतर ते परतले तेव्हा आम्ही सर्वांना माजघरात बोलावून मोठ्या ऐटीने कॅमेरा उघडला. चारही फोटो पांढरे होते.

अगदी कोरे नव्हते. भिंत नव्हती, लुगडे नव्हते, चेहरे नव्हते. उघड्या दाराचा काळोख तेवढा उभा होता, अप्पांच्या छत्रीच्या घड्यांतल्या चार काळसर रेघा होत्या, आणि खाली जमिनीवर, पायांशी, सावलीचे एक लहानसे डबके होते. अक्काने चष्मा सारखा केला आणि विचारले, "अरे, आम्ही दोघं कुठं आहोत यात?" आम्हांला उत्तर सुचेना. ते अप्पांनी दिले. "आपण आधीच वैकुंठाला पोचलो, दुसरं काय!" सगळे हसले. आम्हीही हसलो. पहाटे सहाची एसटी गाठावयाची होती. तेव्हा काळोखात पुन्हा प्रयत्न करण्यात अर्थ नव्हता. "दिवाळीला येशील तेव्हा काढू," अप्पा म्हणाले. आम्हीही म्हणालो, दिवाळीला काढू.

भाद्रपदात अप्पा गेले. हृदयविकाराचा झटका आला. डॉक्टर येईपर्यंत सारे आटोपले होते.

तेराव्याला भिंतीवर लावण्यासाठी शोधाशोध झाली. अखेर निवडणुकीच्या ओळखपत्रावरचा चेहरा मोठा करून घेतला. तो अप्पांचा होता असे आम्ही म्हणतो, कारण त्याखाली त्यांचे नाव होते. अक्का काही बोलली नाही. तिने काही बोलावे असे आम्हांला फार वाटत होते.

पुण्याला परतल्यावर आम्ही ते चार फोटो घेऊन एका व्यावसायिक छायाचित्रकाराकडे गेलो. संगणकावर काहीतरी करून त्या पांढऱ्यातून चेहरे वर काढता येतील, अशी आशा होती. त्या तरुणाने फोटो पाहिले, त्यांच्याबरोबर नोंदले गेलेले आकडे पाहिले, आणि कागदावर आमच्यासमोर हिशेब मांडला. भर उन्हाचा एक जुना आडाखा आहे: छिद्र १६ वर ठेवावे, आणि आयएसओचा जो आकडा असेल तितकाच भाग सेकंदाचा शटरला द्यावा. म्हणजे आयएसओ १०० असेल तर सेकंदाचा शंभरावा भाग. आता आम्ही छिद्र १६ चे १.८ केले, त्याने प्रकाश सुमारे ७९ पट वाढला. आयएसओ शंभराचा सोळाशे राहिला होता. त्याने आणखी सोळापट. दोन्ही मिळून साडेबाराशे पटीहून अधिक. तो सारा आवरण्यासाठी शटरने सेकंदाच्या सुमारे सव्वा लाखाव्या भागात उघडमीट करावयास हवी होती. आमच्या कॅमेऱ्याची धाव चारहजाराव्या भागापर्यंत. तेथे पोहोचून तो थांबला आणि लुकलुकू लागला. म्हणजे हवा होता त्याच्या बत्तीसपट प्रकाश आम्ही अक्का आणि अप्पांच्या चेहऱ्यांवर ओतला होता. "आयएसओ शंभर ठेवला असता तरी?" आम्ही चाचरत विचारले. तो म्हणाला, तरीही एक पूत जास्त झाला असता, दुप्पट. पण चेहरे राहिले असते.

मग हे परत का आणता येत नाहीत? फिकट झालेले शाईचे पत्र आपण उजेडात धरून वाचतोच की! या प्रश्नाला त्याने जे सांगितले ते आम्ही आमच्या शब्दांत सांगतो. कोकणात पावसाळ्यात पागोळ्यांखाली ओळीने भांडी मांडतात. पाऊस थांबल्यावर कोणत्या भांड्यात किती पाणी साठले यावरून कोठे किती धार होती ते सांगता येते. परंतु पाऊस इतका झाला की सारीच भांडी काठोकाठ भरून वाहू लागली, तर मग कोठे दोन घागरी पडल्या आणि कोठे दहा, हे ब्रह्मदेवालाही सांगता यावयाचे नाही. डिजिटल कॅमेऱ्यातल्या पटलावर अशी लक्षावधी सूक्ष्म भांडी असतात. त्यांत प्रकाशामुळे विद्युत्भार साठतो. भांडे अर्धेच भरले असेल तर संगणक त्यावरून चित्र उजळू शकतो. भांडे भरून वाहिले की मागे राहतो तो फक्त 'भरले' एवढा एकच निरोप. चेहरा, भिंत आणि लुगडे यांनी एकच निरोप पाठवला होता. जुन्या निगेटिव्ह फिल्मची रीत निराळी होती. ती जास्त उजेड पुष्कळसा पचवीत असे आणि कमी उजेडाला रुसत असे. म्हणून जुने छायाचित्रकार सावलीची काळजी वाहत. आजच्या कॅमेऱ्यात उजेडाची काळजी वाहावी लागते. काळवंडलेले काही प्रमाणात वर काढता येते, पांढरे पडलेले येत नाही.

घरी येताना आमच्या मनात एक विचार घोळत होता. छायाचित्रणाची कला १८३९ मध्ये दागेरच्या शोधाने जगासमोर आली. तेव्हापासून किती तरी काळ तिचे सारे गाऱ्हाणे प्रकाश अपुरा पडण्याचे होते. बसणाऱ्याचे डोके हलू नये म्हणून मागून लोखंडी चिमट्याचा आधार देत. १८५४ साली मुंबईत छायाचित्रकारांची संस्था निघाली. त्या काळच्या मुंबईकर छायाचित्रकारांत डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी यांचे नाव आढळते. त्यांना आपल्याकडचे ऊन हे वरदानच वाटले असेल. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली प्रकाशात आलेला 'राजा हरिश्चंद्र' घेतला तो सूर्याच्या भरवशावर. ज्या उन्हाच्या बळावर आपल्या देशातला पहिला राजा पडद्यावर चालूबोलू लागला, निदान चालू लागला, तेच ऊन आम्हांला पुरून उरले. पूर्वजांनी शंभर वर्षे खपून यंत्राची प्रकाशाची भूक वाढवीत नेली. आणि आम्ही त्या भुकेल्या यंत्राला भर दुपारी सूर्य वाढला. उणिवेला तोंड कसे द्यावे याचे शिक्षण आमच्या पिढीला घरोघर मिळाले होते. विपुलतेत छिद्र लहान करावे लागते, हे कोणी शिकवले नव्हते.

त्याच वर्षीच्या मार्गशीर्षात अक्का मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी पुण्यास आमच्याकडे आली. तपासणीच्या दिवशी तिच्या डोळ्यांत बाहुली मोठी करणारे थेंब घातले. डॉक्टरांनी आत भिंतीवरची आकृती दाखवून आम्हांला समजावले: तरुण माणसाच्या डोळ्याची बाहुली उजेडात दोनएक मिलिमीटरपर्यंत आक्रसते आणि काळोखात आठापर्यंत फाकते, म्हणजे प्रकाशाची वाट सोळापट मोठी होते. म्हातारपणी ती तितकी फाकत नाही; थेंबांनी फाकवावी लागते, आणि मग काही तास ती उन्हातही मिटत नाही. आम्ही हे सारे मान हलवीत ऐकले आणि अक्काचा हात धरून दवाखान्याच्या पायऱ्या उतरलो. काळा चष्मा आणावयास हवा होता, तो घरी राहिला होता. रस्त्यावर दुपारचे ऊन होते. पहिल्याच पावलाला अक्का थबकली आणि तिने आमचा दंड घट्ट धरला.

"अरे, सगळं पांढरंफेक झालं! तुझं तोंडसुद्धा दिसत नाही."

आम्ही तिच्यासमोर हातभर अंतरावर उभे होतो. क्षणभराने ती म्हणाली, "तुझा तो फोटो असाच झाला होय रे?"

"असाच," आम्ही म्हणालो. आणि जे चार महिने ओठांवर येत होते ते तेथे रस्त्यात बोलून गेलो: की चूक कॅमेऱ्याची नव्हती, आमची होती, की आकडा लुकलुकला होता आणि आम्ही पाहिला होता, की मुलाला काढू दिला असता तर अप्पांचा फोटो आज असता. अक्का डोळे मिटून उभी होती. डोळे मिटलेल्या माणसाशी बोलणे सोपे जाते. तिने सारे ऐकून घेतले आणि मग पदर कपाळावर पुढे ओढला, अगदी त्या लग्नातल्या फोटोतल्यासारखा. "आता सावली झाली," ती म्हणाली. "आता थोडं दिसतंय. चल." आम्हांला क्षमा मिळाली की नाही हे आम्हांला अजून ठाऊक नाही, परंतु जास्त उजेडावरचा अगदी पहिला उपाय, सत्तर वर्षांच्या सवयीने, तिने आमच्यासमोर करून दाखवला होता.

त्या हिवाळ्यात आम्ही नव्याने शिकावयास बसलो. कॅमेरा हाती घेतला की प्रथम आयएसओ पाहावयाचा, मग बाकी सारे, हा नेम केला. देवघरात पाऊल टाकण्यापूर्वी पाय धुवावेत तसा. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक हा भोळा प्राणी आहे, हेही कळले. समोर जे येईल ते सरासरी मध्यम करड्या रंगाचे आहे असे तो धरून चालतो. त्याला चुन्याची भिंत दाखवावी, तर तो ती मळकट करतो. काळ्या पाषाणाचे देऊळ दाखवावे, तर तो ते धुऊन करडे करतो. तेव्हा पांढऱ्यासाठी त्याला थोडे अधिक द्या म्हणावे लागते आणि काळ्यासाठी थोडे कमी. उन्हात पडद्यावर चित्र दिसत नसले तरी प्रकाशाच्या वाटपाचा एक आलेख दिसतो. त्याचा डोंगर उजव्या कडेला जाऊन भिडला की समजावे, भांडी वाहू लागली. छिद्र फार लहान करणेही बरे नव्हे. १६ च्या पलीकडे गेले की प्रकाश त्या चिमुकल्या वाटेच्या कडांवरून फाकतो आणि सारेच चित्र किंचित मऊ पडते. उन्हातल्या देखाव्याला आठ ते अकरा हा पल्ला गोड. आणि भर उन्हात मोठ्या छिद्राचा हट्ट धरावयाचाच असेल, तर भिंगावर काळसर काच चढवावी. अक्काचा घरी राहिलेला चष्मा तो हाच.

परंतु सर्वांत मोठा धडा पुस्तकात दोनच ओळींचा होता. मध्यान्हीच्या उन्हात माणसाचा फोटो काढू नये. आकडे बरोबर असले तरी डोळ्यांच्या खोबणीत काळोख साचतो, आणि नाकाची सावली ओठांवर येते. माणसाला सावलीत घ्यावे. आमच्या १९५६ च्या छायाचित्रकाराला हे ठाऊक नव्हते असे नाही. त्याच्या पेटीला त्या काळी ऊन हवेच होते. आम्हांला ते नको होते, तरी आम्ही त्याचीच जागा घेऊन उभे राहिलो.

वाचकांपैकी पुष्कळजण म्हणतील की हल्ली हे सारे कशाला हवे? मोबाइल उचलावा, बटण दाबावे. त्यांचे म्हणणे खरे आहे. बहुतेक मोबाइलच्या भिंगाचे छिद्र ठरीवच असते. तो बिचारा शटर आणि आयएसओ आपल्या आपण सांभाळून घेतो. अज्ञानाला त्याच्यासारखा मित्र नाही. ज्याला थोडेसे येते, पण पुरेसे येत नाही, त्याच्याच हातून चार कोरे फोटो निघतात. न येणाऱ्याच्या हातून ते निघत नाहीत.

२०१५ च्या मेमध्ये आम्ही पुन्हा अक्काकडे गेलो. दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया होऊन गेली होती. आरशात पाहून "मी एवढी म्हातारी केव्हा झाले?" असे तिने आम्हांला गंभीरपणे विचारले होते. दुपारची तीच वेळ होती, खळ्यात तेच ऊन होते. यंदा आम्ही तिला खळ्यात उतरवले नाही. ओटीवरच्या झोपाळ्यावर, बाहेर तोंड करून बसवले. पाठीमागे माजघराचा काळोख, समोरून खळ्यावरून परतलेला मवाळ उजेड. आयएसओ २००, छिद्र ४, शटर सेकंदाचा १२५ वा भाग. तिन्ही आकडे आम्ही मोठ्याने म्हणून पाहिले. मग भिंगातून पाहिले आणि सांगितले, "अक्का, जरा मध्ये सरक. एका बाजूला बसलीस."

ती सरकली नाही. "इथंच बरं आहे," ती म्हणाली. झोपाळ्याची उजवी बाजू मोकळी राहिली होती. पितळी कडीजवळ फळीला जो एक गुळगुळीत खळगा पडला आहे, तो अप्पांच्या बसण्याने पडलेला. आम्ही पुन्हा सांगितले नाही. नातवाला हाक मारून म्हटले, तूही काढ रे. त्याने काढला. दोन्ही फोटो चांगले आले. खरे बोलावयाचे तर त्याचा किंचित सरस आला. अक्काच्या चेहऱ्यावरची एकेक सुरकुती त्यात मोजता येते, आणि शेजारची मोकळी फळीही स्पष्ट दिसते.

अक्का गेली तेव्हा तोच फोटो भिंतीवर लागला, ओळखपत्रावरून मोठ्या केलेल्या अप्पांच्या शेजारी. त्या घरी गेलो की आम्ही तो पाहतो, आणि लोक वाखाणतात तेव्हा गप्प राहतो.

ते चार पांढरे फोटो मात्र आम्ही पुसून टाकलेले नाहीत. चिरंजीवांनी एकदा विचारले, हे कशाला जपून ठेवले आहेत? आम्ही म्हणालो, आठवण म्हणून. कशाची ते सांगितले नाही. त्यांतला तिसरा आम्ही कधीकधी उघडतो. वरती सारा उजेडच आहे. तेथे पाहण्यासारखे काही नाही. खाली जमिनीवर मात्र सावली आहे. सूर्य माथ्यावर असल्यामुळे ती लांबलेली नाही, आणि दोघे जवळ उभे असल्यामुळे ती दोन माणसांची म्हणून निराळी करता येत नाही. तिच्या कडेला छत्रीचे टोक तेवढे बाहेर आले आहे. आपल्या भाषेने फोटोला छायाचित्र हे नाव दिले आहे. त्या दोघांचे जोडीचे असे एवढेच एक आहे.